सिंह बाहेर, राजा आत

माझ्याकडे तीन पदकं आहेत आणि तिन्हींसाठी मला फारसं काही करावं लागलेलं नाही. हे मी विनयाने सांगतोय असं कोणी समजू नये. विनय अंगात असता तर ती तिन्ही लाल मखमलीवर टाचून, काचेच्या चौकटीत घालून, दारातून येणाऱ्याच्या बरोब्बर नजरेसमोर मी टांगली नसती. मखमल बायकोच्या पोलक्यासाठी आणलेल्या कापडातली होती. ते पोलकं काही शिवून झालं नाही, आणि त्याचं नाव निघाल्याशिवाय आमच्या घरातली एकही दिवाळी पार पडली नाही.

तीनपैकी एक पदक स्वातंत्र्याचं. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी जो जो पोलीस नोकरीत होता त्याला ते मिळालं. मीही त्या दिवशी नोकरीत होतो, फक्त हिवतापाने अंथरुणात होतो. दुसरं लांब नोकरीचं आणि चांगल्या वर्तणुकीचं. लांब नोकरी एवढ्यासाठी, की मला दुसरं काही येत नव्हतं. आणि चांगली वर्तणूक म्हणजे वरच्या कुठल्याच साहेबाचं माझ्याकडे कधी फारसं लक्ष गेलं नाही. पोलीसखात्यात ही काही लहान कमाई नव्हे. शिपाई म्हणून लागलो, जमादार झालो, आणि पुढचे सगळे एक तर बदलून गेले किंवा देवाघरी गेले म्हणून नोकरीच्या अखेरीस फौजदारही झालो.

तिसरं पदक लढाईचं. ही गोष्ट त्याचीच आहे.

दुसरी मोठी लढाई ऐन भरात असताना खात्याने आम्हा काही शिपायांना लष्कराकडे उसनं दिलं. घरातून निघालो तेव्हा आईने असा गळा काढला की शेजारच्या बायका तिला साथ द्यायला धावत आल्या. मीही मनातल्या मनात ब्रह्मदेशाच्या जंगलात जाऊन पोहोचलो होतो. प्रत्यक्षात मला मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधल्या एका रेल्वे पुलावर नेऊन बसवलं. त्या पुलावरून फौजेच्या गाड्या जात. पूल कोणी उडवू नये एवढं बघायचं, हे माझं काम. लढाई संपेपर्यंत मी तिथेच होतो आणि पूल कोणी उडवला नाही. उडवायचं कोणाच्या मनात आलं होतं असंही नंतर कधी माझ्या कानावर आलं नाही.

पुलाच्या तोंडाशी वाळूच्या पोत्यांचा मोर्चा रचलेला होता. त्याच्याआड बंदूक घेऊन बसायचं. शेजारच्या गावाच्या बकऱ्या खालच्या नाल्यात चरायला येत. काही महिने त्या माझ्याकडे बघत आणि मी त्यांच्याकडे. मग एका उन्हाळ्यात नाल्यात हिरवं म्हणून काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी पोत्यांचा तागच खायला घेतला. मी जेवून जरा आडवा झालो होतो. उठून बघतो तर पोती फाटलेली, वाळू रुळापर्यंत वाहून गेलेली आणि मोर्चा गुडघ्याएवढा उरलेला. नेमका त्याच दुपारी लष्कराचा एक गोरा साहेब रेल्वेच्या ट्रॉलीवर बसून पाहणीला आला. त्याने मोर्चा पाहिला, मला पाहिलं, एका बकरीच्या तोंडातून लोंबणारा ताग पाहिला, आणि एक शब्द न बोलता ट्रॉली पुढे न्यायला सांगितली. दुसरी चकमक विमानाशी झाली. आभाळात घरघर ऐकू आली तेव्हा जपानी आले असं धरून मी सराट्यांत पालथा पडलो. विमान आपलंच होतं. पुढे सुटीवर घरी गेलो तेव्हा उरलेले काटे बायकोने सुईने काढून दिले.

लढाई संपल्यावर काही काळाने पदक आलं. एका बाजूला राजाचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला सिंह. सिंहाच्या पायाखाली कसलंसं जनावर पडलेलं होतं. ते कोणतं हे मला कोणी सांगू शकलं नाही. माझ्या मते ती बकरी असावी.

देश स्वतंत्र झाला आणि राजाचं काय करायचं हा प्रश्न मला पडला. पदक लावायचा हुकूम कायम होता. पण राज्य गेलं तरी राजाचं तोंड माझ्या छातीवर, हे काही मला बरं दिसेना. म्हणून बुलढाण्याच्या संचलनाला मी ते उलटं लावून गेलो, सिंह बाहेर, राजा आत. आपल्या हातून मोठं देशकार्य घडलं अशा थाटात पोट आत ओढून उभा राहिलो. साहेब रांग तपासत आले, माझ्यापाशी थांबले, आणि दोन बोटांनी पदक उलटवून पाहिलं.

"जमादार," ते म्हणाले, "राजाला असं छातीशी का धरलंय?"

अख्खी रांग खुसखुसली. तेव्हापासून नियमाप्रमाणे राजा बाहेर राहू लागला.

महाराष्ट्र होऊन थोडी वर्षं झाली तेव्हा माझी नेमणूक डोणगावला होती. ठाण्याच्या मागेच राहायची जागा होती, पुढे बैठक आणि मागे स्वयंपाकघर. चुलीचा धूर मागून निघून पुढच्या दाराने बाहेर पडायचा, त्यामुळे बैठकीच्या भिंती चुना दिला की वर्षाच्या आत चहाच्या रंगाच्या व्हायच्या. त्या भिंतीवर माझी चौकट होती. ठाण्यात तक्रार घेऊन आलेल्या माणसालाही मी काही ना काही निमित्त काढून बैठकीत आणायचो आणि त्याची नजर भिंतीकडे जाईपर्यंत पाण्याचा तांब्या पुढे करायचो नाही. डोणगावात बकऱ्यांची गोष्ट पाठ नसलेला माणूस सापडला नसता. ती मीच सांगितलेली. हसू झालं तरी चालेल, पण चौकटीकडे बघा, असा माझा एकूण स्वभाव.

मुलगी एकच. शिकून मास्तरीण झाली होती आणि गावातल्याच शाळेत शिकवत होती. शाळेत धाड गावाकडचा एक तरुण मास्तर होता. पुढचं मला सगळ्यांच्या शेवटी कळलं, फौजदाराला कळतं तसं. बायकोने सांगण्यासाठी वेळही अशी निवडली की मी दाढी करत होतो आणि तोंडाला साबण होता. मुलगी म्हणते, लग्न केलं तर त्याच्याशी, नाही तर मला शाळा बरी आहे. मुलगा चांगला आहे, घर खाऊनपिऊन सुखी आहे, त्याची आई मागेच गेली, वडील आहेत. अडचण तेवढीच आहे. मी साबणाच्या तोंडाने हूं केलं. वडील बेचाळीसच्या चळवळीत जेलमध्ये गेलेले. अंगात खादी. पोलिसाच्या दारात चहासुद्धा घेत नाहीत. मुलाने फार गळ घातली म्हणून एकदा येतो म्हणालेत. येतील, बघतील आणि काय ते सांगतील.

इथे एक सांगून टाकतो. बेचाळीसात मी कोणावर लाठी उगारली नाही. त्यात माझा चांगुलपणा काही नव्हता, मी पुलावर होतो. पण हे त्या माणसाला कोण पटवणार? त्याच्या लेखी मी इंग्रजांचा शिपाई, आणि भिंतीवर टांगलेला राजा त्याची साक्ष द्यायला तयारच होता.

तो आठवडा वाईट गेला. मुलगी काही बोलत नव्हती, पण ताटात वाढलेली भाकरी तशीच्या तशी परत जात होती. लहानपणी ती अशी उपाशी बसली की मी शिटी वाजवून तिला हसवायचो. आता शिटी वाजवायची सोय नव्हती. माझ्या नोकरीमुळे या पोरीचं हसू जाणार, या विचाराने मला घास उतरेना. म्हणजे उतरत होता, पण चव लागत नव्हती.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बायकोने चौकट काढायला सांगितली. मी काढली. चौकटीच्या जागी भिंतीवर पांढराशुभ्र चौकोन निघाला. बाकी भिंत चहाच्या रंगाची आणि मधोमध ते चुन्याचं ठिगळ. काहीतरी लपवलंय हे ओळखायला पोलीस असायची गरज नव्हती. तिथे कॅलेंडर लावून पाहिलं, ते लहान पडलं. मुलीचा जुना शाळेतला नकाशा लावून पाहिला, तो एवढा मोठा झाला की स्वयंपाकघराचं दार उघडताना फाटला. शेवटी चौकटच परत टांगायची असं ठरलं आणि माझं डोकं चाललं. ठाण्यातली पक्कड आणून मागचे खिळे काढले आणि लढाईचं पदक उलटं करून टाचलं, सिंह बाहेर, राजा आत. एकदा फजिती झालेली युक्ती माणूस पुन्हा का करतो, हे मला विचारू नका. मी माझ्या तपासांतही असंच करत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने बापलेक आले. वडील उंच, हाडकुळे, खादीचा सदरा, पायात साध्या वहाणा. पिकापाण्याचं बोलणं झालं, धाडच्या बाजाराचं झालं, रस्त्याचं झालं. ते विचारलं तेवढंच बोलत होते. मुलगी पोहे घेऊन आली. ते त्यांनी खाल्ले, तिला शाळेतली मुलं किती, कोणती इयत्ता, एवढं विचारलं. तिने नीट उत्तरं दिली. मग चहा आला. त्यांनी कप हातात घेतला आणि बाजूच्या स्टुलावर ठेवून दिला. त्या कपावर साय धरताना मी पाहत होतो. मास्तरांची मान खाली, मुलगी दाराआड, आणि मी कापसाच्या बोंडांवर पडलेल्या किडीविषयी जे काही बोलत होतो त्यातलं अक्षरही मला समजत नव्हतं.

मग ते उठले आणि चौकटीसमोर जाऊन उभे राहिले. चांगला वेळ उभे राहिले.

"हे तं आमच्याकडचंच हाये," ते म्हणाले.

त्यांनी काचेवर बोट ठेवलं, सिंहावर.

"हा सिंह, अन् हे खालचं जनावर. असंच हाये आमच्या घरी. माह्या धाकल्या भावाचं. तो वापस आला नाही, हे आलं." काचेवरचं बोट न काढता त्यांनी विचारलं, "पण दुसऱ्या बाजूले राजा असते ना? मंग त्याले मांगं काऊन केलं?"

उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं.

"तुमी येऊन राह्यले म्हणून," बायको म्हणाली.

इतक्या वर्षांच्या संसारात मला तिचा एवढा राग कधी आला नव्हता. पण ते पहिल्यांदा हसले, ओठाच्या एका कोपऱ्यातून. मग परत येऊन बसले आणि आपणहून सांगू लागले. ते चळवळीत पडले त्याच सुमाराला धाकटा भाऊ फौजेत भरती झाला. निघताना दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. तू इंग्रजाचं मीठ खायला निघालास, माझ्या दारात पुन्हा येऊ नको, असं हे त्याला बोलले. तो पुन्हा आला नाही, पूर्वेकडच्या जंगलात मारला गेला. हे जेलमधून सुटून बऱ्याच वर्षांनी टपालाने डबी आली, तेव्हा वडील जिवंत होते. यांनी वडिलांना बजावलं, राजाचं तोंड या घरात दिसता कामा नये. म्हाताऱ्याने काय करावं? खादीच्या फडक्याच्या तुकड्यावर ते पदक शिवून टाकलं, राजा कापडाकडे आणि सिंह वर. मरेपर्यंत ते उशाशी घेऊन झोपायचा. ते फडकं अजून तसंच आहे. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की उतरला नाही. मुलगा मात्र त्यांच्याकडे असा बघत होता, की हे त्यानेही पूर्वी ऐकलं नसावं.

मग त्यांनी मला विचारलं, "तुमी कुठं होते लढाईत?"

आयुष्यात पहिल्यांदा मला ती गोष्ट सांगावीशी वाटेना. ज्या गोष्टीवर मी डोणगावला हसवत आलो, तीच आता समोर ठेवायची होती. याचा भाऊ जिथे मेला त्याच लढाईत मी बकऱ्या राखल्या, आणि दोघांना मिळालं ते एकच. पदक तेच, सिंहही तोच. खोटं बोलावं तर हा माणूस पुढे विचारणार, जंगल कसं होतं, तिथे काय खायला मिळायचं, माझा भाऊ कुठे पडला असेल. खरं बोलावं तर पोरीचं लग्न त्या बकऱ्या खाऊन टाकणार. मी बायकोकडे पाहिलं. ती वळून आत गेली. मला मखमलीची लाज वाटली, काचेची वाटली, त्या चौकटीला रोज फडकं मारणाऱ्या माझ्या हाताचीही वाटली.

सांगितलं सगळं. पूल सांगितला, पोती सांगितली, ताग चघळणारी बकरी सांगितली, सराटेसुद्धा सांगितले. नेहमी जिथे मी थांबून लोकांना हसायला जागा देतो तिथे थांबलो नाही. कोणी हसलंही नाही. लढाईभर मी एक गोळी झाडली नाही, हेही सांगून टाकलं.

ते भिंतीकडे बघत बसले होते. मग म्हणाले,

"बरं झालं. सगळ्याईले हे असंच भेटाले पाह्यजे होतं."

आणि कपावरची साय बोटाने बाजूला करून त्यांनी तो थंडगार चहा एका दमात पिऊन टाकला. दाराआड बांगड्या वाजल्या. त्या आईच्या होत्या की लेकीच्या, ते मी वळून पाहिलं नाही, कारण मला डोळे पुसायचे होते आणि फौजदाराने ते भिंतीकडे तोंड करूनच पुसायचे असतात.

जायच्या आधी त्यांनी राजा बघायला मागितला. मी पक्कड आणली, खिळे काढले आणि पदक त्यांच्या हातात दिलं. ते खिडकीपाशी नेऊन त्यांनी निरखून पाहिलं. "हा तं साधाच माणूस दिसते," ते म्हणाले, "एखाद्या पोस्टमास्तरासारखा." मग जरा घुटमळून विचारलं, मेलेल्या माणसाचं पदक घरातल्या कोणी लावलं तर चालतं का. अशा प्रश्नाची मी नोकरीभर वाट पाहत होतो. मोठ्या ऐटीत सांगितलं, की आपलं पदक डाव्या छातीवर आणि गेलेल्याचं उजव्या, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की हा मान दुसऱ्याचा आहे. त्यांनी मान हलवली आणि एसटीची वेळ विचारली.

लग्न डोणगावातच झालं, ठाण्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत मांडव घालून. मुलीचा बाप म्हणून मी कोट, धोतर आणि फेटा असा नटलो होतो. पदकांचा मोह झाला होता, नाही असं नाही. बायकोने नुसतं पाहिलं आणि मी ती परत चौकटीत ठेवली. वऱ्हाड धाडहून ट्रकने आलं. भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला, सगळ्यांच्या हातात अक्षता वाटून झाल्या आणि माझे व्याही, आमच्या भाषेत इवाई, गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी घडी केलेलं एक जुनं फडकं काढलं.

"उजवीकडं ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. टाचणी कोणाकडेच नव्हती. बायकोने मंगळसूत्रात अडकवलेली सेफ्टीपिन काढून दिली. तळहातातल्या अक्षता तशाच धरून मी ते फडकं त्यांच्या सदऱ्यावर उजव्या बाजूला लावू लागलो. नोकरीभर पदकं लावलेला माणूस मी, पण पिन दोनदा माझ्याच बोटात गेली. मग लागलं. म्हाताऱ्याने शिवलं होतं तसंच, सिंह बाहेर, राजा आत. कापड पिवळं पडलं होतं आणि टाके मोठे मोठे होते, पुरुषाच्या हाताने घातलेले. नियमाने पाहिलं तर पदक उलटं होतं. नियम मला चांगला माहीत होता.

"पोराच्या लग्नाले काका पाह्यजे," इवाई म्हणाले. एवढंच म्हणाले.

मंगलाष्टकं सुरू झाली होती. मी पाय जुळवले आणि त्या फडक्याला सलाम ठोकला. त्याच हातात अक्षता आहेत हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. सगळ्या माझ्याच फेट्यावर सांडल्या. अंतरपाटाच्या अलीकडून मुलगी हसताना दिसली. इवायांनी आपल्या मुठीतल्या अर्ध्या अक्षता माझ्या हातावर ठेवल्या आणि माझी बोटं मिटून दिली.